चितळ-काळवीट एकत्र ठेवायचे तर

काही जण म्हणतात की जंगलात सगळे एकत्रच चरतात, मग बडोद्याच्या कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयातही चितळ, काळवीट, नीलगाय एकाच आवारात सोडा. मला अर्धंच पटतं. जंगलात हरलेला नर पळून जातो, इथे जाळीला जाऊन अडकतो, आणि चितळांच्या सगळ्या नरांची शिंगं एकाच वेळी गळत नाहीत त्यामुळे वर्षभर कुणी ना कुणी भांडायच्या मूडमध्ये असतोच. म्हणून लहान जनावरं शिरतील पण नीलगाय शिरणार नाही असा आडोसा हवाच हवा. आणि प्लीज, मेंढ्या हरणांजवळ अजिबात नकोत! मेंढीला काही होत नाही पण तिच्या अंगातल्या एका हर्पीस व्हायरसने हरणं तापाने मरतात, त्यावर लसही नाही. ही बाग १८७९ ची, जागा मोजकीच, तेव्हा आधी चितळांसोबत फक्त मोर सोडून बघा.