बाळाच्या वाटीत रोज तेच तेच, नवीन काय आणि कसं सुरू करू? (बाळ १० महिने)

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवीय. बाळ १० महिन्यांचं झालंय, अंगावरचं दूध चालू आहे, ६ महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू केलं, खायला त्रास देत नाही आणि वजनही नीट वाढतंय. पण खातं काय तर मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं आणि थोडं दही, बस्स. दिवसातून तीनदा खातं, म्हणजे तेवढं तरी बरोबर आहे, ९ महिन्यांनंतर अंगावर पिणाऱ्या बाळाला निदान ३ वेळा वरचं द्यायचं असतं. घरात सगळे म्हणतात पोट भरतंय ना, मग कशाला डोक्याला ताप. मला ते पटत नाहीये.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा निकष असा आहे की ६ ते २३ महिन्यांच्या बाळाच्या पोटात दिवसभरात ८ पैकी किमान ५ अन्नगट गेले पाहिजेत. आईचं दूध, धान्यं आणि कंद, डाळी-दाणे-बिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व भरपूर असलेल्या भाज्या-फळं (गाजर, लाल भोपळा, गडद पालेभाज्या वगैरे) आणि बाकीच्या भाज्या-फळं. आमचे मोजले तर चारच भरतात, कारण भात आणि बटाटा दोन दिसले तरी गट एकच.

पण आकड्यापेक्षा मला जास्त काळजी लोहाची आहे. बाळ जन्मताना जो साठा घेऊन येतं तो साधारण ६ महिने पुरतो, आईच्या दुधात लोह फारच थोडं, मग आता जे मिळायचं ते वाटीतूनच, आणि वर लिहिलेल्या चार पदार्थांत ते जवळजवळ नाहीच. या वयाला रोज ११ मिलिग्रॅम सांगतात, एवढ्याशा पोटात ते बसवायचं कसं?

मांस-मासे आमच्या घरात होत नाहीत, अंडं चालतं. तर आधी डाळ वाढवू की अंडं? गाजर-भोपळा दिला की ओठ घट्ट मिटतं नाहीतर थुंकून टाकतं, तर केळ्यात मिसळून दिलं तर चालेल का? आणि शेंगदाणे, कुणी म्हणतं वर्ष होईपर्यंत हातही लावू नका, कुणी म्हणतं लवकर द्या, नक्की काय? लोहाच्या ड्रॉप्सचं डॉक्टरांना विचारणारच आहे, मला रोजच्या खाण्याबद्दल हवंय.

प्रतिसाद १
ताई, काळजी अगदी योग्य आहे, वजन वाढतंय म्हणजे लोह मिळतंय असं नसतं. फक्त तो ८ पैकी ५ चा निकष मुळात मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीसाठी आहे, एखाद्या दिवशी चार भरले म्हणून घाबरू नका (कुठे ७ पैकी ४ दिसलं तर ते जुनं, आईचं दूध आठवा गट धरून ते बदललंय).

डाळ की अंडं असं नकोच, दोन्ही द्या, फक्त एका वेळी एकच नवीन पदार्थ आणि मग दोनतीन दिवस थांबा. अंडं पिवळ्या बलकासकट, पण पूर्ण शिजलेलं. डाळ चमच्यावर टिकेल इतकी घट्ट, पातळ केली की पोट पाण्यानेच भरतं. डाळीतलं लोह अंगी कमी लागतं, त्याला क जीवनसत्त्वाची जोड द्या, संत्रं, पेरू, टोमॅटो काहीही.

शेंगदाण्याचं, अख्खा दाणा ५ वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतो. पण गुळगुळीत वाटून, पातळ करून, खाण्यात मिसळून वर्षाच्या आत देता येतात. २०१५ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर दाणे दिल्यावर पुढे ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी दिसलं. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही.

प्रतिसाद २
भाज्यांचं मी सांगते, केळ्यात लपवू नका. मग त्याला गाजराची चव कधी कळणारच नाही. नवीन चव पटायला ८-१० वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा द्यावी लागते आणि बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच सोडून देतात. भूक असताना, जेवणाच्या सुरुवातीला एकच चमचा द्या, नाही म्हणालं तर जबरदस्ती नको, दोन दिवसांनी परत. तुम्ही स्वतः त्याच्यासमोर तेच खा.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार, उद्यापासून घट्ट डाळ सुरू करते, ती बसली की अंडं. एकच राहिलं, ते संत्रं डाळीबरोबरच द्यायचं की दुपारी वेगळं दिलं तरी चालेल?

प्रतिसाद १
त्याच जेवणात. तासाभराने दिलं तर लोहाला फारसा उपयोग नाही. बिया आणि वरची पातळ साल काढून, बारीक करून द्या.