घरचं ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन: तुम्ही कोणतं घेतलंत आणि का?

बटण दाबलं की दाणे दळून थेट कपात एस्प्रेसो देणारं चांगलं मशीन घ्यायचंय. खर्चाला घरातून होकार मिळालाय, पण युरा, डेलाँगी, फिलिप्स यात गाडी अडलीये. किती प्रकारची ड्रिंक्स आणि केवढा टचस्क्रीन ते नका सांगू, रोज वापरताना काय होतं ते लिहा. आमच्याकडे दुधाची कॉफी जास्त होते.

*

आधी ब्रू युनिट बघा, म्हणजे पूड दाबून त्यातून गरम पाणी सोडणारा आतला भाग. डेलाँगी, फिलिप्समध्ये दार उघडून ते बाहेर काढता येतं, नळाखाली धरायचं, सुकवायचं, परत आत. युरात ते आतच फिक्स, मशीन सांगेल तेव्हा क्लीनिंगची गोळी टाकायची. माझं निघणारं आहे, आणि धुताना त्याच्या जाळीवरचा कॉफीचा तेलकट थर बघितल्यापासून न निघणाऱ्यावर आपला काही जीव बसत नाही.

*

माझं बरोबर उलट. पिणारे सगळे, धुणारी मी एकटी! गोळी टाकली की मशीन आपलं आपण धुतं, मी मोकळी. गोळ्यांचा खर्च कायमचा मागे लागतो हे खरंय पण.

*

दुधाचं म्हणताय तर दूध ओढणारी नळी आहे का ते पहिलं विचारा. आमच्या जुन्या मशीनला (नाव नाही घेत) बारीक नळी होती, रोज फ्लश करायचो तरी आंबूस वास यायचाच, शेवटी दूध वेगळं तापवायला लागलो म्हणजे एवढं महागडं घेऊन उपयोग काय. आता लॅटेगोवालं (दूध फेसाळायचं भांडं) फिलिप्स आहे, त्यात नळीच नाही, भांड्याचे दोन भाग सुटे करून धुवायचे. लॅटे आर्टची, म्हणजे दुधाच्या फेसाने कपात नक्षी काढायची हौस असेल तर मात्र स्टीम वाँडच (हाताने दूध फेसाळायची वाफेची दांडी) हवा.

*

१५ बार, १९ बारला भुलू नका, तो पंपाचा कमाल दाब, एस्प्रेसो उतरते ९ बारच्या आसपास. दाणे मीडियम रोस्ट घ्या, काळे तेलकट दाणे ग्राइंडरला चिकटतात. दळण बारीक करायचं तर ग्राइंडर फिरत असतानाच नॉब हलवा, एकेक घर, आणि लगेच चवीवरून भांडू नका, पहिल्या एकदोन कपांत आधीचीच पूड येते.

*

पाण्याचं कुणीच नाही बोललं. बॉक्समध्ये बहुतेक वेळा कडकपणा तपासायची पट्टी असते, ती बुडवून आलेला आकडा सेटिंगमध्ये टाका, डीस्केलिंगची (आत साठलेला क्षार काढायची) आठवण त्यावरच ठरते. आणि व्हिनेगर नको, कंपनीचंच लिक्विड वापरा.