नागरी प्रश्नांवरील वस्तीसभा : सांगली, मिरज, कुपवाडकरांचे अनुभव

आवाहन

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन शहरे १९९८ मध्ये एका महानगरपालिकेत आली, तरी पाणी, गटार, रस्ते आणि दिवे यांवर लोकांनी एकत्र बसण्याची ठिकाणे प्रत्येक वस्तीत पूर्वीचीच राहिली. कुठे देवळाचा सभामंडप असतो, कुठे समाजमंदिर, कुठे तालमीपुढचे पटांगण, आणि नव्या भागांत अपार्टमेंटचे पार्किंग. ऑगस्ट २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर प्रशासकीय राजवट आली आणि अशा सभांना बोलवायचे कोणाला, हाच प्रश्न अनेक ठिकाणी निर्माण झाला. त्या काळातील आणि त्याआधीच्या सभांचे अनुभव येथे एकत्र करावेत, अशी इच्छा आहे.

एकच विनंती आहे. कोण किती जोरदार बोलले, याचे वर्णन थोडक्यात आटोपावे आणि सतरंजी गुंडाळल्यानंतर त्या विषयाचे पुढे काय झाले, ते सविस्तर लिहावे. काहीच झाले नसेल, तर तेही लिहावे. ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांची नावे मात्र लिहू नयेत. आपल्याला भांडण नव्हे, रीत समजून घ्यायची आहे.

गावभाग, निवृत्त शिक्षिका

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आमच्याकडील शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पूर्वतयारीसाठी सभा बोलावली.

सभेचा पहिला मोठा भाग अलमट्टी धरणाची उंची आणि कोयनेतून होणारा विसर्ग यांवर गेला. या दोन्ही विषयांवर सांगलीत प्रत्येकाचे मत ठाम असते, आणि यांपैकी कोणत्याही धरणाचे दार ज्याच्या हाती आहे, असा माणूस त्या सभामंडपात कधीच बसलेला नसतो. चर्चा रंगात आली असताना मागे बसलेल्या एका वृद्ध मावशी म्हणाल्या, "मला फूट कळत नाहीत. माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागतं, तेवढं सांगा." सगळे गप्प झाले, कारण त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

पाणी वाढू लागले की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर हे सखल भाग आधी बाधित होतात, हे शहराला ठाऊक आहे. परंतु एकाच पेठेतील एक बोळ कोरडा राहतो आणि शेजारच्या बोळात कमरेइतके पाणी असते, हे कोणत्याही यादीत नसते. शिवाय पाणी अनेकदा नदीच्या बाजूने येतच नाही. ते गटारातून उलटे वर येते आणि नदीकडे नजर लावून बसलेला माणूस मागच्या दारातून गाठला जातो. आम्ही त्या सभेत भाषणे थांबवली आणि प्रत्येक बोळासाठी, पुलावर किती फूट झाले असता पाणी कोणत्या पायरीला लागले होते, हे लिहायला घेतले. २००५ च्या पुराच्या आठवणींवर वाद झाले. भिंतींवर राहिलेल्या पुराच्या रेषा पाहून ते मिटवले. त्यासोबत अंथरुणाला खिळलेले रुग्ण, डायलिसिसवर असलेले रुग्ण, एकटे राहणारे वृद्ध आणि जनावरे असलेली घरे यांची नोंद केली. ही दुसरी यादी भिंतीवर लावायची नाही, असे ठरले. कुठले घर एकट्या बाईचे आहे, हे साऱ्या जगाला सांगण्याची गरज नव्हती.

जुलै २०२४ मध्ये पातळी ४० फुटांच्या आसपास आली, तेव्हा त्या यादीची परीक्षा झाली. काही बोळांचे अंदाज बरोबर ठरले, काही चुकले, कारण मधल्या काळात रस्ते उंच झाले होते. आता प्रत्येक मे महिन्यात यादी दुरुस्त करावी लागते आणि त्यासाठी माणसे जमवणे मूळ सभेपेक्षा कठीण जाते.

गुंठेवारी वसाहत, रिक्षाव्यावसायिक

आमच्या वसाहतीतील भूखंड गुंठ्यांत विकले गेले, तेव्हा रस्ता, गटार आणि मोकळी जागा यांचा विचार कोणी केला नव्हता. २००१ मध्ये गुंठेवारी विकासांचे नियमितीकरण करणारा कायदा झाला आणि २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याची दारे पुन्हा उघडली. तरीही आमच्याकडे अर्ज केलेली आणि न केलेली घरे एकाच ओळीत आहेत, आणि सभेतील खरी दरी तीच आहे.

काळ्या मातीत पावसाळ्यात रिक्षा तर सोडाच, चप्पलही निघत नाही. त्यामुळे मुरूम टाकण्याची मागणी एकमताने झाली. मात्र निवेदनाचा कागद सह्यांसाठी फिरू लागला, तेव्हा निम्मे लोक उठून गेले. बाहेरच्या माणसाला हा निरुत्साह वाटला असता. ती भीती होती. सही केली की नाव आणि घर कागदावर येते, कागद कार्यालयात जातो आणि उद्या त्याच कागदावरून विकास शुल्काची नोटीस येते, असा समज वसाहतीत पक्का होता. ज्यांनी शुल्क भरले होते ते म्हणत होते की, आम्ही पैसे भरले, तर रस्ता आधी आमच्या दारापुढे व्हावा. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, हे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

तोडगा आमच्यातील एका गवंडी अण्णांनी काढला. त्यांनी सांगितले की, आधी सह्या नकोत. नियमितीकरणासाठी कोणती कागदपत्रे लागतात, ती एका रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवू. खरेदीखत, सातबारा उतारा, मोजणी आणि बांधकामाचा नकाशा कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे त्या बैठकीत उघड झाले. अनेकांनी मिळून अर्ज केले आणि त्यानंतरच्या निवेदनावर सह्या करताना कोणी उठून गेले नाही. मुरूम आला. गटार अद्याप नाही.

विश्रामबाग, निवृत्त अभियंता

माझी नोकरी दुसऱ्या जिल्ह्यातील नगरपालिकेत झाली, त्यामुळे अशा सभांत मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. तेथून काय दिसते, ते सांगणे उपयोगी ठरेल.

सभेला बोलावलेल्या कनिष्ठ अभियंत्याच्या हाती खर्चाची मंजुरी नसते. तो पाहणी करू शकतो, इस्टिमेट तयार करू शकतो आणि ते वर पाठवू शकतो. लोक त्याला घेरून "काम कधी सुरू होणार?" असे विचारतात, आणि सुटका व्हावी म्हणून तो "लवकरच" असे म्हणतो. हे उत्तर देताना मला कधीही आनंद झाला नाही. त्याऐवजी "पाहणी कोणत्या तारखेला आणि इस्टिमेट कोणत्या तारखेपर्यंत?" असे विचारले, तर त्याला खरे उत्तर देता येते, आणि ते उत्तर जागेवरच कागदावर घेता येते.

दुसरी गोष्ट मागणीच्या स्वरूपाची. "आमच्या भागात गटारांची दुरवस्था आहे" या वाक्याचे इस्टिमेट होत नाही. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, अंदाजे किती मीटर, पाणी सध्या कोणत्या बाजूला उतरते आणि पुढे कोणत्या मोठ्या नाल्याला मिळू शकते, एवढे लिहिले की काम निम्मे होते. उताराची बाब लोक नेहमी विसरतात. सांगलीचा पुष्कळ भाग इतका सपाट आहे की, उतार न पाहता बांधलेले गटार म्हणजे केवळ लांबट डबके होय.

तिसरी गोष्ट वेळेची आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच चालू होते. आपल्याकडील बहुतेक सभा मात्र पहिल्या जोरदार पावसानंतर भरतात. त्या वेळी तरतुदी ठरून गेलेल्या असतात आणि पावसात डांबरही टाकता येत नाही. दिवाळीनंतर पंधरवड्यात भरलेली सभा जुलैच्या सभेपेक्षा कमी गर्दीची असेल, पण तिचा कागद वेळेवर पोहोचतो.

मिरज, गृहिणी

आमच्या गल्लीतील सभा नेहमी संध्याकाळी सातला भरत असे. ती वेळ स्वयंपाकाची आणि आमच्याकडे नळाला पाणी येण्याचीही होती. त्यामुळे पाण्याच्या तक्रारीवरील सभेत पाणी भरणारे एकही माणूस नसे. एका वहिनींनी आग्रह धरून सभा रविवारी दुपारी चारला घ्यायला लावली. तोवर पुरुषमंडळींच्या यादीत रस्त्याचे काँक्रिटीकरण पहिले होते. त्या दिवशी वळणावरचा बंद दिवा आणि क्लासहून रात्री परतणाऱ्या मुली, हा विषय पहिला आला. दिवा त्याच आठवड्यात लागला, कारण त्याला निधी नव्हे, केवळ योग्य ठिकाणी तक्रारीची नोंद हवी होती.

खणभाग, मंडळाचा कार्यकर्ता

वरील अनुभव चांगले आहेत, परंतु सगळ्या सभा अशा नसतात, हेही नोंदवले पाहिजे. आमच्या चौकात कचऱ्याच्या प्रश्नावर बोलावलेल्या सभेत व्यासपीठावर हार, शाल आणि नारळ आले, दोघांचे सत्कार झाले, एका इच्छुक उमेदवाराचा परिचय झाला आणि घंटागाडी तीन-तीन दिवस येत नाही, हे सांगायला उठलेल्या आजोबांना "वेळेअभावी" बसवण्यात आले. तेव्हापासून आमच्या मंडळाने व्यासपीठच काढून टाकले. खुर्च्या गोल मांडतो आणि अध्यक्ष नेमत नाही. त्यामुळे भांडणे वाढली, हे खरे. सत्कार मात्र थांबले.

कुपवाड, एमआयडीसीतील कामगार

आमच्याकडे तीन पाळ्यांत काम चालते, त्यामुळे सगळे एकाच वेळी कधी भेटत नाहीत. रस्ता झाला, पण चेंबरची झाकणे खालीच राहिली आणि प्रत्येक झाकणाजवळ खड्डा तयार झाला. सभेत ठेकेदारावर मनसोक्त तोंडसुख घेतले गेले. नंतर एका सहकाऱ्याने माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचे सुचवले. दहा रुपयांचे शुल्क भरून कार्यादेश (ठेकेदाराला काम देणारा आदेश) आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) यांच्या प्रती मागितल्या. कायद्यानुसार ३० दिवसांत माहिती मिळावी लागते. आम्हाला ती अपील केल्यानंतर मिळाली. झाकणे रस्त्याच्या पातळीला आणण्याची बाब त्या कामात समाविष्ट होती, हे कागदावर स्पष्ट होते. पुढची सभा फार लहान झाली. मोजमापाचा कागद मध्ये ठेवला आणि उपस्थित अधिकाऱ्यांना तो वाचण्याची विनंती केली. कोणी आवाज चढवला नाही. देयकातील उर्वरित रक्कम रोखल्याचे आम्हाला कळवण्यात आले आणि झाकणे उचलली गेली.

शहराला खेटून असलेल्या गावातून, शेतकरी

शहरातील मित्रांचे अनुभव वाचून एक फरक लिहावासा वाटतो. आमच्याकडे ग्रामसभा ही कोणाच्या मर्जीवर नाही. वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, ती गणपूर्तीला लागते. प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो. गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने ती मूठभर लोकांत उरकते. तरीही त्या मूठभरांपैकी कोणी प्रश्न विचारला, तर तो ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्तात लिहावा लागतो, आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून दाखवावे लागते. तुमच्या महापालिका कायद्यातही २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद आली असून त्या क्षेत्राच्या मतदारयादीतील प्रत्येक मतदार तिचा सदस्य मानला आहे. शहरातील माझ्या नातेवाइकांपैकी एकालाही आपण अशा सभेचे सदस्य आहोत, हे ठाऊक नव्हते.

मार्केट यार्ड परिसर, हळद व बेदाण्याचे व्यापारी

सभेनंतरच्या एका अडचणीबद्दल लिहितो, कारण ती अनेकांना येईल. आमच्या गल्लीने एकत्र सह्या करून निवेदन तयार केले आणि ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे तक्रारी मांडण्याच्या सरकारी बैठकीत, मांडायचे ठरवले. तेथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते आणि अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो, हे नंतर समजले. सामूहिक निवेदन परत आले. एवढ्या सह्या वाया गेल्या म्हणून काही मंडळी नाराज झाली, आमच्या तात्यांनी मात्र त्याच सभेच्या नोंदीवरून घराघरांचे अर्ज लिहून घेतले. ज्याच्या दुकानात सांडपाणी शिरते, त्याने सांडपाण्याबद्दल लिहिले. ज्याच्या आईचा पाय उघड्या चेंबरमध्ये गेला, त्याने चेंबरबद्दल. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेसह पोहोच घेतली. चेंबर बंद झाला. सांडपाण्याच्या अर्जावर उत्तर आले की, ते काम मोठ्या नलिकेच्या प्रस्तावात समाविष्ट आहे. त्या प्रस्तावाची प्रत मागणारा अर्ज आता तात्यांच्या गल्ल्यावर सहीसाठी ठेवलेला आहे.