आईच्या हिरड्यांसाठी लेझर सांगितलंय, करावं का? (इंदूर)

रामबागची_लेक
नमस्कार मंडळी. आई साठीच्या पुढची आहे, शुगर बरीच वर्षं, गोळ्यांवर आहे. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो आणि खालचे पुढचे दोन दात थोडे हलायला लागलेत म्हणून घराजवळच्या एका क्लिनिकात नेलं, तर डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि सरळ म्हणाले पायरिया आहे, लेझर करून घ्या, टाके नाहीत, रक्त नाही, एका बैठकीत काम. खर्च ऐकून बाबा गप्पच झाले. साधं स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, नाही का चालणार विचारलं तर म्हणे ते आता जुनं झालं.
घरात दोन पार्ट्या पडल्यात. दादा म्हणतो नवीन टेक्नॉलॉजी आहे, करून टाका. काकू म्हणते दात साफच करू नका, साफ केले की हलायला लागतात, तिच्या जावेचे तसेच गेले म्हणे. आई या सगळ्यात लाल दंतमंजन घासतेय आणि वरून लवंगेचं तेल लावतेय. कोणी केलंय का लेझर? फरक पडतो का खरंच?

गराडूप्रेमी
मी केलंय. पण मला कोणी एका बैठकीत सगळं असं सांगितलं नव्हतं, आधी सुन्न करून एकेक बाजू खोलवर साफ केली, मग महिना-दीड महिन्यानं परत मोजलं आणि ज्या थोड्या जागा खोल उरल्या होत्या तिथंच लेझर मारला. केसासारखी बारीक तार हिरडीच्या आत घालतात, डॉक्टर, असिस्टंट, आपण सगळ्यांच्या डोळ्यांवर रंगीत चष्मे, थोडा जळका वास येतो, दुखलं असं काही नाही. आता बरं लेझरनं वाटलं का आधीच्या सफाईनं ते मला विचारू नका, मला नाही सांगता येणार. गुटखा मात्र डॉक्टरांनी सोडायला लावला, नाहीतर हातच लावणार नाही म्हणाले. आणि काही दिवस सराफ्यातलं रात्रीचं खाणं बंद, ऐन गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) सीझनमध्ये, ते जास्त दुखलं.

हिरडीवाला
मी हिरड्यांचाच डॉक्टर आहे, त्यामुळे थोडं लांब लिहितो. पेशंट बघितल्याशिवाय करा किंवा नका करू असं कोणीच सांगू नये, पण ताई, तुमच्या पोस्टमध्ये पॉकेट किती मिलिमीटर आहेत तेच नाहीये, बहुतेक मोजलेच नसतील. दात आणि हिरडीच्या मधली फट बारीक खुणा असलेल्या प्रोबनं प्रत्येक दाताला सहा जागी मोजतात. १ ते ३ मिमी नॉर्मल, ४-५ झाली की खोल सफाई, आणि सफाईनंतरही ६ किंवा जास्त राहिली तर मग हिरडी उघडून सर्जरीचा विचार. एक्सरेत हाड किती गेलंय ते कळतं, पॉकेटची खोली नाही कळत. चार्ट न काढता लेझरचा खर्च सांगणं मला तरी पटत नाही.
दुसरं, लेझर म्हणजे एकच मशीन नाही. आपल्याकडे बऱ्याच क्लिनिकांत डायोड असतो, ८१० ते ९८० नॅनोमीटरचा. तो मऊ हिरडी कापतो, रक्त थांबवतो, जंतू कमी करतो, पण मुळाला चिकटलेला दगड, म्हणजे कडक झालेला घाणीचा थर, काढणं त्याचं कामच नाही. दगड अल्ट्रासॉनिक मशीननं नाहीतर हातानं, क्युरेट नावाच्या खरवडायच्या हत्यारानंच निघतो. २९४० नॅनोमीटरचा अर्बियम याग दगड काढू शकतो, पण ते मशीन फार महाग. अमेरिकेत लॅनॅप म्हणून पद्धत आहे, १०६४ च्या एनडी याग लेझरची, तिच्यातही मधे अल्ट्रासॉनिकनं मुळं साफ करावीच लागतात. म्हणून स्केलिंग जुनं झालं हे काही खरं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या गाइडलाइनमध्ये पहिला उपचार स्केलिंग आणि रूट प्लेनिंगच (हिरडीखालची मुळं साफ, गुळगुळीत करणं) आहे, आणि हिरड्यांच्या डॉक्टरांच्या युरोपियन फेडरेशनच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये तर सफाईच्या जोडीला लेझर वापरू नका असंच सुचवलंय. माझ्याकडेही डायोड आहे, वाढलेली हिरडी कापायला मस्त आहे, पण पायरियाचा पहिला इलाज म्हणून मी तो काढत नाही.
काकूंचं म्हणणं मी रोज ऐकतो. वाळवीनं पोखरलेल्या चौकटीचा रंग खरवडला आणि मग म्हणायचं खरवडल्यामुळे पोकळ झाली, तसं आहे ते. हाड आधीच गेलेलं असतं, दगड निघाला, सूज उतरली की फटी दिसतात आणि हलणं जाणवतं. थोडे दिवस थंड-गरमही लागतं.
शुगर सगळ्यात महत्त्वाची. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्त तपासणी, करून घ्या. शुगर वर असेल तर हिरड्या भरत नाहीत आणि हिरड्या खराब असतील तर शुगर आटोक्यात राहत नाही, दोन्हीकडून मार. हिरड्यांचा नीट उपचार झाला की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.४ नं उतरल्याचं अभ्यासांमध्ये दिसलंय.

सुदामानगरकर
भिया एवढं कशाला, सरळ डेंटल कॉलेजला न्या ना. एमवाय हॉस्पिटलजवळचं सरकारी, १९६१ पासून आहे, हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन पर्ची काढा. शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ जातो, दोन-चार चकरा होतात, पण मोजमाप सगळं लिहून ठेवतात आणि वर सर येऊन तपासतात. माझ्या वडिलांचं तिथंच झालं, लेझरबिझर काही नाही.

रामबागची_लेक
फोन करून विचारलं, पॉकेट मोजलेच नाहीयेत. काकूला वाळवीचं वाचून दाखवलं तर म्हणे डॉक्टर तर असंच बोलणार. डॉक्टरसाहेब, ते हलणारे दोन दात वाचतील का?

हिरडीवाला
आडवे हलतात की दाबल्यावर आतही दबतात? नुसते थोडे आडवे हलत असतील तर सफाई झाल्यावर बरेचदा घट्ट होतात, नाहीतर आतल्या बाजूनं तार लावून शेजारच्या दातांना बांधतो. आत दबत असतील तर अवघड आहे. तोवर ते खरखरीत मंजन बंद, मऊ ब्रश, दातांच्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश. लवंगेचं तेल हिरडीला चोपडू नका, भाजतं. रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, सोडला की जास्त येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि कॉलेजला नेताना नाश्ता आणि शुगरची गोळी करूनच न्या, लोक रक्त तपासणीसारखे उपाशी घेऊन येतात आणि लाइनीत चक्कर येते.