पुरवठादाराच्या पुरवठादाराची जबाबदारी आमची का? कालच्या लेखाला उत्तर

गेवराईकर :
'खरेदीतला' या नावाने लिहिणाऱ्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यांनी कालच्या लेखात लिहिले की, पुरवठादाराकडून प्रश्नावली भरून घेतली, प्रमाणपत्र पाहिले आणि आचारसंहितेवर सही घेतली की खरेदीदार कंपनीचे कर्तव्य संपते. त्यापुढे तपासत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे. ते वाक्य रात्रभर मनातून गेले नाही.

मी साखरेपुरतेच बोलतो. शीतपेयांच्या आणि बिस्किटांच्या कंपन्या कारखान्याची साखर घेतात. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार कंत्राटदाराशी करतो, कंत्राटदार मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो. कारखान्याच्या हजेरीपटावर या जोडीचे नाव नसते. तपासनीस येतो, बॉयलरपाशी हेल्मेट आहेत का, सांडपाण्याचा प्रकल्प चालू आहे का, हे पाहतो आणि फाटकातूनच परत जातो. त्याच फाटकापासून काही कोसांवरच्या फडात, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतात, माझी चुलती सहाव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होती, कारण दिवस मोडला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, धरला जाई आणि ते पैसे उचलीवर चढत. तिशीच्या आत तिची पिशवी काढली. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे दुसऱ्याचे घर असेल, तर त्या घरातली साखर तुमच्या कंपनीच्या गोदामात कशी येते?

खरेदीतला :
तुमच्या चुलतीबद्दल वाचून मन जड झाले, पण दुःख मोठे आहे म्हणून उपाय माझ्या टेबलावर येत नाही. आमच्याकडे सहाशेहून अधिक पुरवठादार आहेत आणि हे काम पाहणारी माणसे तीन. साखर बहुतेक वेळा व्यापाऱ्यामार्फत येते. कोणत्या पोत्यात कोणत्या फडाचा ऊस आहे, हे कारखान्यालाही सांगता येत नाही. शेअर बाजाराचे नियामक असलेल्या सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांकडून मूल्यसाखळीची, म्हणजे त्यांचे पुरवठादार आणि गिऱ्हाइके यांची, माहिती मागितली, तेव्हा खरेदीत किमान २ टक्के वाटा असलेले भागीदारच मोजायचे ठरवले आणि २०२५ मध्ये ते बंधनही वर्षभर पुढे ढकलून ऐच्छिक केले. नियामकालाच जे लादता आले नाही, ते एका खरेदी अधिकाऱ्याकडून कसे मागता?

भोसरीचा वर्कशॉपवाला :
विषय निघालाच आहे तर दुसऱ्या टोकाकडूनही ऐका. मी बावीस कामगारांचे वर्कशॉप चालवतो. गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाची शंभराहून अधिक प्रश्नांची प्रश्नावली आली. त्यात एक प्रश्न होता : 'आपण कामगारांचे वेतन दरमहा ७ तारखेपूर्वी देता काय?' मी 'होय' लिहिले. त्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाकडे माझे बिल एकशे दहा दिवस अडकले होते आणि ७ तारखेचा पगार मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून केला होता. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे आम्हाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात मिळत नाही, अशी तरतूदही झाली. तरी प्रश्नावली माझ्याकडेच येते. मी बिल कधी मिळेल हे विचारणारी प्रश्नावली कोणाला पाठवू?

खरेदीतला :
हे विषयांतर आहे. शिवाय बिले अडकतात ती बहुतेक वेळा माल नापास झाल्यामुळे किंवा चलनातल्या चुकांमुळे. उधारीची मुदत मान्य करून ऑर्डर घ्यायची आणि नंतर तक्रार करायची, हे योग्य नाही.

भोसरीचा वर्कशॉपवाला :
विषयांतर? माझा एकही नग नापास झालेला नव्हता, आणि तुम्ही माझे काम न पाहता माझ्या मालावर बोट ठेवता. मुदत 'मान्य' करण्यावाचून पर्याय कोणाला असतो? कायद्यात चक्रवाढ व्याज आहे, तक्रारीसाठी परिषद आहे. पण शेजारच्या गाळ्यातल्या मित्राने तक्रार केली आणि त्याचा पुढचा ऑर्डर आलाच नाही. तीन महिन्यांनी त्याने दोन यंत्रे विकली. पैसे थकले की आधी ओव्हरटाइम बुडतो, मग भविष्य निर्वाह निधी मागे पडतो, मग कंत्राटी पोरे येतात. तुमच्या अहवालात ज्याला 'सामाजिक जोखीम' म्हणता, ती अशी तुमच्या लेखा विभागातून माझ्या गाळ्यात येते.

माजी लेखापरीक्षक :
खरेदीदारांसाठी पुरवठादारांच्या कारखान्यांतली कामगारांची स्थिती तपासत या दोघांच्या मधे मी नऊ वर्षे उभा होतो, म्हणून बोलतो. भेटीची तारीख आधी कळवलेली असते. कामगारांना उत्तरे पढवलेली असतात. आमची फी ज्याची तपासणी करायची तोच देतो. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या स्थितीबद्दलचे प्रमाणपत्र मिळून काही आठवडे झाले होते, तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २०१३ मध्ये कोसळल्यानंतर मात्र ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला, तपासणीचे अहवाल जाहीर झाले आणि दुरुस्तीसाठी पैसा उभा राहील हे पाहण्याची जबाबदारी ब्रँडांनी स्वीकारली. तिथे खरेदीदार स्वतः कराराने बांधला गेला होता, आणि मला हाच खरा फरक वाटतो.

मुकादमाचा मुलगा :
सगळे वाचले. मुकादमाला कोणी माणूस समजलेले दिसत नाही. माझ्या वडिलांनी कारखान्याकडून घेतलेली उचल चौदा कोयत्यांना वाटली. पाच जोड्या पैसे घेऊन दुसऱ्या टोळीत गेल्या. कारखान्याने वसुली वडिलांकडूनच केली आणि आमची दोन एकर कोरडवाहू गेली. गेवराईकर, तुमच्या साखळीत ही कडी कुठे आहे?

गेवराईकर :
ती कडी मी पुसून टाकली, हे खरे आहे, आणि ते चुकले. तुमच्या वडिलांवर अन्यायच झाला. पण जी जोडी पळाली, ती आदल्या हंगामाची उचल अंगावर घेऊनच पुढच्या हंगामाला निघाली होती, हेही लक्षात घ्या. वरून नुसते पैसे येतात, खाली येईपर्यंत त्यांचे कर्ज होते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरातून, वजा होतो, वसुली मुकादमाच्या जमिनीतून होते, खाडा बाईच्या अंगावर चढतो. या सगळ्यात साखर विकत घेणाऱ्याच्या खिशाला कुठे हात लागला, ते 'खरेदीतला' यांनी दाखवावे.

खरेदीतला :
मला अजूनही वाटते की, हे काम सरकारचे आणि साखर आयुक्तालयाचे आहे. वर्कशॉपवाल्यांच्या मालाबद्दल मी न पाहता लिहिले, ते मागे घेतो. बिलांची थकबाकी किती दिवसांची आहे, हे आमच्याकडे कोणी मोजत नाही, हेही मान्य. साखरेच्या पुढच्या खरेदीत थेट कारखान्याकडून टोळ्यांची, मुकादमांची आणि कोपी, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्या, जिथे पडतात त्या गावांची यादी मागता येईल, एवढे मी वर मांडीन. दर वाढवून देण्याचे वचन मात्र देऊ शकत नाही, तो अधिकार मला नाही.

गेवराईकर :
दर वाढला नाही, तर यादी कपाटात राहील, हे आताच सांगून ठेवतो. तरीही मागणार असाल तर दसऱ्याच्या आधी मागा. त्यानंतर उचल वाटून झालेली असते, टोळ्या गाव सोडून निघालेल्या असतात, आणि कोणती बाई कितव्या महिन्यात फडावर गेली, हे विचारायला गावात कोणी उरत नाही.