आजार अर्जात लिहायचा की लपवायचा?

केतकी
काल इथे एकांनी सल्ला दिला: ‘दीर्घ आजार असेल तर प्रवेश अर्जात उल्लेखही करू नका. मार्क बोलतात, आजार नाही.’ खाली ढीगभर ‘सहमत’. वाचून राहवलं नाही.

मला अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. प्रवेश परीक्षेच्या वेळी आमच्या घरानंही हेच ठरवलं होतं, कुठे बोलायचं नाही. पाऊण तास झाला आणि रक्तातली साखर उतरली, तळहात घामेजले. एकच प्रश्न चारदा वाचला तरी डोक्यात शिरेना, पेन गोलाबाहेर जायला लागलं. साखरेच्या गोळ्या फाटकाबाहेर, बॅगेत. हात वर करून सांगणार काय, आणि कुणाला? इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेनच्या माहितीपुस्तिकेत मधुमेही मुलांना गोळ्या, फळं आणि पारदर्शक बाटली आत नेता येते असं छापलेलं असतं. माझ्या परीक्षेची पुस्तिका आम्ही त्या नजरेनं उघडलीच नाही, कारण लपवायचं ठरलं होतं. तो सल्ला देणाऱ्यांनी हे वाचावं.

माळरान
केतकीताई, अनुभव खरा, पण निष्कर्ष पटला नाही. मला क्रोन्स, म्हणजे आतड्याचा जुनाट आजार आहे. हॉस्टेलच्या अर्जात खरं ते लिहिलं, संडासाजवळची खोली मागितली. रेक्टरांनी वडिलांना बोलावून घेतलं, ‘काही झालं तर जबाबदारी कोणाची?’ खोलीच मिळाली नाही. वर्षभर रोज दीड तास बसनं गेलो, प्रत्येक थांब्यावर उतरावं लागेल का या धास्तीत.

आणि लिहायचं तरी कुठे? चौकट एकच: दिव्यांग, हो की नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात ना तुमचा मधुमेह, ना माझं आतडं.

सावली
यादीत आलं म्हणजे सुटलो, असं नसतं हो. माझ्या मुलाचा थॅलेसेमिया यादीत आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. पण ५ टक्के राखीव जागांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणीची तारीख आली रक्त चढवल्यानंतर दोन दिवसांनी. गालांवर लाली. डॉक्टर म्हणाले, ‘छान दिसतोय की!’ आदल्याच आठवड्यात जिन्याच्या मधल्या पायरीवर धाप लागून बसला होता, तो कुणी पाहिला?

प्राध्यापक
मी बारा वर्षं प्रवेश समितीवर होतो. खोटी प्रमाणपत्रं या हातांनी बाजूला काढली आहेत. त्यात दिव्यांगांना परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, वर लेखनिक. हुशार लेखनिक आणला की पेपर नेमका कोण सोडवतो? बाकीच्या मुलांनी काय पाप केलंय?

दक्षिणवारा
सर, लेखनिकाचा विषय काढलाच आहात तर ऐका. मला दिसत नाही. माझ्या वेळी २०१८ च्या मार्गदर्शक सूचना होत्या, त्यांत स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो आपल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागायचा. मला मिळालेल्या मुलानं इंटिग्रलचं चिन्ह कधी पाहिलंच नव्हतं. ‘दादा, ते कसं काढू?’ मी त्याच्या तळहातावर बोटानं गिरवून दाखवलं. पर्यवेक्षक धावत आले, ‘बोलणं बंद!’ मग खुलासे, मुख्य पर्यवेक्षक, पुन्हा खुलासे. तुमची ती जादा मिनिटं तिथेच संपली. आदल्या रात्री अकरापर्यंत मी लेखनिक शोधत होतो, अभ्यास नव्हतो करत. आणि तुम्ही विचारता पेपर कोण सोडवतो?

प्राध्यापक
आवाज चढवू नका. दृष्टिहीनांबद्दल माझी तक्रार नाही. हातानं लिहिता येणारेही लेखनिक मागतात, त्यांच्याबद्दल बोलतोय.

केतकी
‘लिहिता येतं’ हे कोण ठरवणार? २०२१ चा विकाश कुमार खटला बघा. लिहिताना हातात पेटके येणारा उमेदवार. ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, लेखनिकासाठी ती अट लावता येणार नाही. माळरान, तुमच्या चौकटीचं उत्तरही त्यातच आहे. ४० टक्के राखीव जागेसाठी लागतात, सोय मागायला नाही.

सावली
२०२४ चा ओंकार गोंड निकालही आहे. नुसत्या टक्क्यांवर बोट ठेवून एमबीबीएसचा प्रवेश नाकारायचा नाही, मुलाला अभ्यासक्रम झेपेल का ते मंडळानं तपासायचं. मी तो छापून फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.

प्राध्यापक
लेखनिकाच्या शिक्षणाच्या अटीकडे मी फक्त फसवणूक रोखायची म्हणून पाहत होतो. गणितात ती आडवी येते, एवढं मान्य करतो. खोट्या प्रमाणपत्रांबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

दक्षिणवारा
नकाच घेऊ. त्या लोकांमुळेच आम्हाला दर टेबलावर नव्यानं सिद्ध करावं लागतं.

माळरान
परीक्षेच्या अर्जात लिहावं, हे पटलं. हॉस्टेलच्या अर्जात मी आजही लिहिणार नाही.

केतकी
खोली नाकारली, तेव्हा लेखी मागितलं होतं का?

माळरान
नाही. तोंडीच सांगितलं. वडील उठले, म्हणाले, चल.