आठ एकर विकून दादरची पगडीची खोली: शहाणपण की घात?

वावरवाला (आर्वी)
परवा इथं एका भावानं लिहिलं: "आठ एकर विकून दादरच्या हिंदू कॉलनीत पगडीची खोली घेतो आहे. 1936 ची इमारत, दुसरा मजला, साडेचारशे फूट, स्टेशन पायी जाण्यासारखं, खाली सगळा बाजार. पोरगा तिकडंच नोकरीला. गावात आता ठेवलंय काय?" खाली अभिनंदनाची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

भाऊ, पगडी म्हणजे एकरकमी मोठा पैसा देऊन कायमचं भाडेकरू होणं; तुम्ही घर विकत घेत नाही आहात. जागा मालकाची, भिंती मालकाच्या, तुमच्या नावाची फक्त भाडेपावती. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं पगडीला मान्यता दिली, हे खरं. पण त्याच कायद्यात हेही आहे की सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक खाली करून मागू शकतो. पोराची बदली झाली अन् तुम्ही गावच्या घरी राहिले, तर त्या कुलपाचं काय करणार? बँका पगडीवर सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे लागणारा सगळा पैसा वावराचाच. शिवाय पावती नावावर करायला मालकाला हिस्सा द्यावा लागतो, तिसऱ्या वाट्यापर्यंत मागायची रीत आहे.

आणि सगळं विकलं की सातबाऱ्यावरून नाव गेलं. उद्या दोन एकर परत घ्यावंसं वाटलं तर शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणाल? आपल्या विदर्भाचा कूळकायदा वेगळा आहे, 1958 चा. त्यातही बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय वावर घेता येत नाही. हे दार एकदा लागलं की बाहेरून उघडत नाही.

माझ्या मामाजींनी सगळं विकून नागपुरात घर केलं. दर पोळ्याला गावात येतात. तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या लागतात, मामाजी बाजूला मारुतीच्या पाराजवळ उभे असतात. मी दरवर्षी त्यांना तिथून हात धरून आणतो.

पुसदचा दादरकर
बावीस वर्षं अशाच इमारतीत राहतो आहे, म्हणून उत्तर देतो. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट आला, त्यानं दादर-माटुंग्याची आखणी केली: रुंद रस्ते, झाडं, दोन इमारतींत मोकळी हवा. आमचं छत आजच्या फ्लॅटपेक्षा हातभर उंच आहे, खिडक्या सागवानी आहेत, मे महिन्यातही दुपारी झोप लागते. भाडं आजही चार आकडी नाही, आणि कायद्यानं ते वर्षाला चार टक्केच वाढतं.

उणं सांगायचं तर खाऱ्या हवेनं सळया गंजतात. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या जिन्यातला गिलावा कोसळला. पण 1 सप्टेंबर 1940 च्या आधीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या इमारती म्हाडा या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या 'अ' वर्गात येतात. पुनर्विकास झाला तर भाडेकरूला मालकीचं घर मिळतं.

आणि खरं कारण वेगळं आहे. माझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही पुसदपासून अठरा किलोमीटरवर होतो. जीप मिळेपर्यंत तास गेला. इथं परळ पुढच्याच स्टेशनावर आहे, केईएम हॉस्पिटल तिथं, टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल तिथं. आपल्या विदर्भातले किती पेशंट त्या टाटाच्या फूटपाथवर झोपतात ते मी रोज बघतो. घरचं माणूस जवळ राहत असेल तर त्याची किंमत एकरात मोजू नका.

वावरवाला (आर्वी)
पुनर्विकास "झाला तर". तुमच्या इमारतीचा झाला का बावीस वर्षांत?

पुसदचा दादरकर
नाही झाला. दोनदा बिल्डर आला, दोनदा मालकांच्या भाऊबंदकीत अडकलं. हे मान्य करतो.

पऱ्हाटी
वावरवाले भाऊ, लिहाले सोपं हाय. तुमच्याकडं ओलीत असन. आमचं सारं कोरडवाहू. 2017 ले बोंडअळीनं कापूस खाल्ला, 2023 ले सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. 2024 ले सोयाबीनचा हमीभाव 4,892, अन् व्यापारी चार हजार म्हणे. मॉइश्चर जास्त हाय म्हणून त्यातूनबी कापले. असं वावर राखून तिशीतल्या पोराले पोरगी कोण देते? माझ्या लहान्या भावाले सात ठिकाणांहून नकार आला, साऱ्यायचा एकच प्रश्न, नोकरी हाय का? दादरची खोली हाय म्हटलं तर आठव्या ठिकाणी जमलं असतं.

निळी पहाट (दिग्रस)
हिंदू कॉलनीचं नाव वाचून थांबले. बाबासाहेबांचं राजगृह तिथंच, 1930 च्या दशकातलं. आम्ही दरवर्षी 5 डिसेंबरच्या रात्री शिवाजी पार्कच्या मैदानात सतरंजी टाकून झोपतो, सहा तारखेला चैत्यभूमी, मग राजगृह. माझी आजी बिनजमिनीची मजूर होती. तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मला सांगितलं होतं, पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस बघ. म्हणून "गाव सोडणं म्हणजे घात" हे मला पटत नाही. ज्यांना गावानं वावर दिलं ते गावाबद्दल एक बोलतात, ज्यांना वेशीबाहेर ठेवलं ते दुसरं.

वावरवाला (आर्वी)
ताई, हे मी विचारात घेतलं नव्हतं. माझा मुद्दा व्यवहाराचा होता, पण शीर्षकात "घात" मीच लिहिलं.

माहेरवाशीण (वरूड)
एवढी चर्चा झाली, एकानंही विचारलं नाही की आठ एकर कोणाचं आहे. वडिलोपार्जित आहे ना? बहिणी किती?

पऱ्हाटी
झालं सुरू. ताई, इथं घराचा विषय चालू हाय.

माहेरवाशीण (वरूड)
घराचाच विषय आहे. महाराष्ट्रानं 1994 लाच मुलींना वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्या वगळल्या. माझं लग्न 1991 चं, म्हणजे मी बाहेर. 2005 ला केंद्राच्या कायद्यानं आम्हीही आत आलो, आणि 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, 2005 साली बाप हयात असो वा नसो. तरी माझे भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आले. सोबत साडी. आई ओसरीत बसून रडत होती, माहेर तुटेल म्हणाली. मी सही केली. संत्र्याची बाग होती ती. पुढच्या वर्षी विकली, तेव्हा मला शेजारणीकडून कळलं.

पऱ्हाटी
अन् लग्नात दिलं ते? माझ्या बापानं दोन बहिणींसाठी तीन एकर गहाण टाकलं, अजून मी फेडून राह्यलो. तो हिशोब कोर्टात कोणी मांडते का?

माहेरवाशीण (वरूड)
हुंडा मी मागितला होता का? तो माझ्या सासऱ्यानं मागितला, माझ्या बापानं दिला, आणि भरपाई मी करायची?

निळी पहाट (दिग्रस)
पऱ्हाटी भाऊ, ताईंशी नीट बोला. कर्ज तुमचं खरं आहे, पण ते बहिणींनी काढलं नाही.

पऱ्हाटी
काढलं नाई. मानतो. पण फेडताना माझ्यासंगं कोणी उभं नव्हतं, येवढंच म्हणणं हाय.

माहेरवाशीण (वरूड)
आता पगडीचं ऐका, कारण इथंच बहीण कायमची बाहेर पडते. वावरात तिचा वाटा भावाइतकाच आहे. पगडीच्या खोलीत तसं नाही. भाडेकरू वारला की हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडं जातो. म्हणजे पावती भावाच्या नावानं, पुढं मुलाच्या. आठ एकरातला तिचा वाटा त्या पावतीत विरघळतो आणि मागायला काही उरतच नाही.

पुसदचा दादरकर
हे बरोबर आहे. आमची पावती आईच्या नावावर आहे, सोबत मी राहतो. पुसदच्या बहिणीचा त्यात काय हक्क, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही.

आठएकरी (आर्णी)
मीच तो परवा लिहिणारा. सगळं वाचलं. काही बोललेलं लागलं. माझ्या बायकोला संधिवात आहे, पोरगा एकटा खोलीवर राहून बाहेरचं खातो, म्हणून घाई केली. वावर आवडत नाही म्हणून नाही. सहा महिन्यांचं कलम मला दलालानं सांगितलं नव्हतं. तूर्त टोकन थांबवतो. सहा एकर विकून ठाण्यापलीकडं मालकीचं काही जमतं का ते पोराला बघायला सांगितलं आहे, दोन एकर राखतो. वावरवाले भाऊ, हे तुमच्या ओरडण्यानं नाही, त्या कलमानं.

बहिणी दोन. अजून विचारलं नाही. रविवारी जातो.

माहेरवाशीण (वरूड)
जा. साडी घेऊन जाऊ नका. आणि भाऊ, राखणार ते दोन एकर कोणते? विहिरीकडचे की नाल्याकडचे? आणि कोणाच्या नावावर?